हलू नका, डॉक्टर!

बाईंनी कॅमेरा घेतला आणि त्या दिवसापासून डॉक्टरांना स्वतःच्या घरात बसायची चोरी झाली.

खरं तर चूक शाळेची. जन्मभर गणित आणि विज्ञान शिकवून बाई निवृत्त झाल्या, तर शाळेने निरोप देताना त्यांच्या हातात काय ठेवलं? भिंतीवरचं घड्याळ! आयुष्यभर घंटेच्या तालावर नाचलेल्या बाईला नाच संपल्यावर घड्याळ देणारी डोकी कुठल्या कारखान्यात तयार होतात कोण जाणे. बाईंनी ते खोक्यासकट माळ्यावर भिरकावलं आणि दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन कॅमेरा घेऊन आल्या. सोबत तीन पायांचा ट्रायपॉड, दोन लेन्स आणि एक पिशवी. त्या पिशवीला इतके कप्पे होते की एकदा आत ठेवलेलं लेन्सचं झाकण बाईंना पुन्हा दिसलं ते थेट पुढच्या महिन्यात.

डॉक्टर म्हणजे बाईंचे यजमान. दातांचे डॉक्टर. सगळी वस्ती त्यांना डॉक्टर म्हणते म्हणून बाईही डॉक्टरच म्हणायच्या. आणि ते त्यांना बाई म्हणायचे, कारण दवाखान्यात येणारं निम्मं गिऱ्हाईक बाईंच्या हाताखालून गेलेलं होतं. दाढ काढताना गळा काढणारे मिशाळ बाप्ये जाता जाता हळूच सांगायचे, "डॉक्टर, मी ओरडलो हे तेवढं बाईंना सांगू नका हं." डॉक्टर जेवताना हमखास सांगायचे.

तर कॅमेरा आला आणि घराची प्रयोगशाळा झाली. बाईंना नुसता फोटो काढायचाच नव्हता. पर्यटनस्थळी पाटीशेजारी उभं राहून दात दाखवणाऱ्यांची त्यांना चीड होती. त्यांना 'परिणाम' हवा होता. आधी दुधाच्या थेंबाचा मुकुट झाला. बशीतल्या दुधात थेंब टाकायचा आणि तो उसळतो त्या क्षणी फ्लॅश मारून शटर दाबायचं, की म्हणे दुधाचा मुकुट दिसतो. मुकुट दिसायला दोन दिवस लागले. तोवर डॉक्टर रेनकोट घालून स्वयंपाकघरात लेन्सवर छत्री धरून उभे, आणि दुधाचे डाग चक्क छतावर. मग अंधारात बॅटरीने हवेत लिहायचा प्रकार निघाला. शटर उघडं ठेवायचं, माणसाने काळे कपडे घालून उजेडाने अक्षरं काढायची. फोटोत माणूस दिसत नाही, नुसती अक्षरं तरंगतात. डॉक्टरांनी मोठ्या हौसेने 'बाई' लिहिलं. फोटोत ते उलटं आलं, आणि कपाटाला धडकून डॉक्टरांच्या गुडघ्याला टेंगूळ आलं ते वेगळंच.

पण माणूस गोड. कधी नाही म्हणाले नाहीत. म्हणायचे, "दिवसभर मी लोकांना 'आ करा, हलू नका' म्हणून छळतो. कोणीतरी मला छळायला हवंच की."

त्यांची एकच खोड बाईंच्या डोक्यात जायची. फोटो काढायला उभं केलं की उजवा हात पँटच्या खिशात. लेकीच्या घरी जाऊन काढलेला फोटो घ्या, बागेतला घ्या, डाव्या हाताने खांद्यावर नातू धरलेला घ्या, उजवा आपला खिशात.

"अहो, काय खजिना लपवलाय त्या खिशात? काढा बाहेर!"

"थंडी आहे गं."

"उन्हाळा चालू आहे."

"मग सवय आहे." आणि लगेच काहीतरी हातात घ्यायचे. वर्तमानपत्र, चहाचा कप, नातवाचा चेंडू, काहीही. बाई चरफडत फोटो काढायच्या. बघणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ जन्मला तोच कप हातात घेऊन.

बाई दर रविवारी सकाळी फोटोग्राफीच्या वर्गाला जायच्या. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली, पंधरावीस खुर्च्या आणि एक पांढरा पडदा. शिकवणारे सर त्यांच्या लेकीपेक्षा लहान. केसांचा अंबाडा घालायचे आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'फील' म्हणायचे. बाईंनी पहिल्या दिवशी मनातल्या मनात त्यांना नापास करून टाकलं होतं. पण त्याच दिवशी सर एक गोष्ट बोलले आणि बाई खुर्चीत सरळ झाल्या.

"फोटो हलला, तर लगेच कॅमेऱ्याला शिव्या देऊ नका," सर म्हणाले. "आधी नीट बघा. एकच गोष्ट हललेली दिसतेय, बाकी सगळं स्पष्ट, तर ती गोष्ट हललीय. सगळंच हललेलं दिसतंय, अगदी मागची भिंतसुद्धा, तर तुम्ही हललाय. कारण भिंती हलत नाहीत."

याला म्हणतात सिद्धता. बाईंना ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून घरी कोणाचाही, कसलाही फोटो आला की त्या आधी भिंत बघायच्या. लेकीने पाठवलेले नातवाचे फोटोही यातून सुटले नाहीत. "भिंत हललीय. तुझा हात स्थिर नाही. जेवत नाहीस का नीट?" एवढा अभिप्राय यायचा. डॉक्टरांना तर ते वाक्य पाठ झालं होतं. बाईंनी कॅमेरा उचलला की तेच म्हणायचे, "भिंती हलत नाहीत, माहीत आहे. चल, काढ."

वर्गात बाईंचा एकच शत्रू होता: लेन्सकाका. खरं नाव कोणीच वापरायचं नाही. या गृहस्थांकडे जगातली प्रत्येक लेन्स होती, तोफेएवढ्या लांबीची सुद्धा, आणि त्या सगळ्यांतून ते एकसारखेच वाईट फोटो काढायचे. तरीही गेल्या वर्षीच्या स्पर्धेत त्यांच्या सूर्यफुलाला पहिला नंबर, आणि बाईंच्या दुधाच्या मुकुटाला दुसरा. सूर्यफूल! तेही फोकस चुकलेलं! परीक्षकांना म्हणे त्या धूसरपणात फील दिसला. बाईंनी तो अपमान पदराला गाठ मारून ठेवला होता. वर लेन्सकाका डॉक्टरांचेच पेशंट. खुर्चीत आडवे पडले की तोंड उघडायच्या आधी सूर्यफुलाचा विषय काढायचे. मग डॉक्टर घाईघाईने त्यांच्या तोंडात कापूस कोंबायचे.

यंदा स्पर्धेचा विषय होता 'गती'.

"स्लो शटर वापरा," सर म्हणाले. "शटर जास्त वेळ उघडं ठेवा. जे थांबलंय ते स्पष्ट येईल, जे हलतंय त्याचा प्रवास उमटेल. डोळ्याला जे दिसत नाही ते कॅमेरा दाखवतो, हे लक्षात ठेवा."

बाईंच्या डोक्यात जिना उतरता उतरताच फोटो तयार झाला. लेकीने एकदा वडिलांना गंमत म्हणून एक खेळणं दिलं होतं. चावीची कवळी. चावी दिली की लाल हिरड्यांची पांढरीशुभ्र बत्तीशी कटकट कटकट करत टेबलभर चालायची. दवाखान्यात लहान मुलं रडायला लागली की डॉक्टर ती सोडायचे. काही मुलं हसायची, काही जास्त रडायची. तर पुढे ट्रेवर ही कवळी धावतेय, तिचा पांढरा पट्टा उमटलाय. आणि मागे आपल्या स्टुलावर, पांढरा कोट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून डॉक्टर बसलेत. गंभीर. दगडासारखे स्थिर. सूर्यफूल गेलं खड्ड्यात, पहिला नंबर आपला!

दवाखाना बंद असतो त्या दिवशी दुपारी दोघं तिथे गेले. बाईंनी पडदे ओढले, खुर्चीवरचा मोठा दिवा भिंतीकडे वळवला, ट्रायपॉड मांडला. डॉक्टरांचं डोकं मागच्या कपाटाला टेकवून घेतलं, म्हणजे मान हलायला नको. दोन सेकंदांचं शटर लावलं.

"हात गुडघ्यांवर. दोन्ही. खिसे बंद."

"कोटाचेपण?"

"कोटाचेपण. आणि हलू नका, डॉक्टर."

कवळीला चावी दिली. कटकट कटकट. शटर उघडलं, मिटलं. बाईंनी कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर बघितलं आणि त्यांच्या तोंडून आनंदाचा चीत्कार निघाला. कवळीचा असा झकास पट्टा आला होता की बघत राहावं. डॉक्टरांचा चेहरा स्वच्छ, भिवईचा केस न् केस मोजून घ्या. कोटाची बटणं स्वच्छ. कपाट स्वच्छ. डावा हात स्वच्छ. आणि उजवा हात? उजव्या हाताच्या जागी नुसती धूसर साय.

"हललात तुम्ही."

"मी? छे."

"हात हललाय. हे बघा. बाकी सगळं स्थिर आहे, म्हणजे कॅमेरा हललेला नाही. पुन्हा."

पुन्हा तेच. पुन्हा घेतला, पुन्हा साय. बाईंनी शोध घ्यायचा तसा शोध घेतला. जमीन हादरते का बघितलं, शेजारच्या खोलीतला कॉम्प्रेसर बंद केला, स्टूल बदललं. चेहरा दर वेळी स्वच्छ, भिंत दर वेळी स्वच्छ, डावा हात दर वेळी स्वच्छ. उजवा मात्र उनाड पोरासारखा.

"अहो, मुद्दाम करताय का? दोन सेकंद हात जागेवर ठेवता येत नाही? एवढी वर्षं लोकांच्या तोंडात कसा ठेवलात?"

डॉक्टर हसले. पण हसू जरा उशिराच आलं. मग त्यांनी ट्रेवरचा छोटा आरसा उचलला, दात बघायचा, लांब दांड्याचा. तो उजव्या हातात धरला आणि हात पुन्हा गुडघ्यावर ठेवला. "आता काढ. हातात काही असलं की बरं वाटतं."

काढला. हात लख्ख. आरशाची कडसुद्धा चमकली. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी सामान आवरलं. घरी येताना डॉक्टर नेहमीपेक्षा जास्त बडबडत होते, आणि बाई मनातल्या मनात लेन्सकाकांचं तोंड कसं होईल ते बघत होत्या. म्हणजे दोघांचंही एकमेकांकडे लक्ष नव्हतं.

रविवारी वर्गात सगळ्यांनी आपापले फोटो दाखवले. लेन्सकाकांनी 'गती' या विषयावर गोगलगाय आणली होती. ती पानावर नुसती बसलेली होती. "तिची गती आपल्याला दिसत नाही, हाच तर विषय आहे," असं त्यांनी सांगितलं, आणि सर विचारात पडले. बाईंनी कपाळाला हात लावला.

मग बाईंचा आरसेवाला फोटो लागला. वर्ग हसला, टाळ्या पडल्या. कवळी सगळ्यांना आवडली. बाई खूश होत्या, आणि चुकांतून शिकायचं असतं म्हणून त्यांनी फसलेला फोटोही सोबत आणला होता. "सर, यात हा हात असा का आला ते जरा बघा. सेटिंगमध्ये काही चुकलं का?"

फोटो पडद्यावर आला आणि सर उठून उभेच राहिले.

"बाई! हा बाद केलात? अहो, हाच फोटो आहे! ती कवळी गंमत झाली हो, पण हा हात! सगळा माणूस एवढा शांत, एवढा गंभीर, आणि हा एकटा हात... काय फील आहे! कसं केलंत हे?"

"कॉम्प्युटरवर करतात," लेन्सकाका म्हणाले. त्यांची गोगलगाय धोक्यात आली होती. "नाहीतर उद्या विचारतोच ना डॉक्टरांना. उद्या माझी दाढ आहे त्यांच्याकडे."

"मीच सांगितलं त्यांना," बाई पटकन म्हणाल्या. "हलवा म्हणून."

वर्गात उभं राहून बाई जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. मुलांना 'हे मला येत नाही, उद्या बघून सांगते' म्हणण्याइतक्या त्या प्रामाणिक होत्या. मग आता, एका गोगलगायवाल्यासमोर, खोटं का निघालं तोंडातून? कोणी सांगितलं होतं एवढं घाईने झाकायला?

सरांनी तो हात मोठा केला. आणखी मोठा केला. कपाटाएवढा हात पडद्यावर आला आणि सर कडेकडेने बोट फिरवत कौतुक करू लागले. बाईंना ऐकू येईनासं झालं. चुळबुळ करणाऱ्या माणसाचा हात असा दिसत नाही. चुळबुळीचा नुसता गिचमिड धुरळा होतो. इथे दोन कडा होत्या. या टोकाला बोटं जरा ठळक, त्या टोकाला बोटं जरा ठळक, मध्ये फिकट. लंबक असाच दिसतो. टोकाशी क्षणभर रेंगाळतो, मधून झपकन जातो. किती वर्षं फळ्यावर ही आकृती काढली होती त्यांनी! आणि त्यांना आठवलं, दवाखान्यात काढलेल्या प्रत्येक फसलेल्या फोटोत या दोन कडांमधलं अंतर तेवढंच होतं. मुद्दाम हलवणाऱ्याला असं मोजूनमापून जमत नाही.

मग खिसे आठवले. कप आठवला, वर्तमानपत्र आठवलं, उन्हाळ्यातली थंडी आठवली.

"बाई, हाच द्या स्पर्धेला," सर म्हणत होते. "मी परीक्षक नाही, पण सांगतो, पहिला नंबर कुठे जात नाही. वाचनालयाच्या हॉलमध्ये मोठा करून लावू. सगळं गाव बघेल."

"नाही."

"आँ?"

"हा द्यायचा नाही. तो आरसेवालाही राहू दे. मी यंदा नाहीच," बाई म्हणाल्या आणि कॅमेऱ्याची पिशवी उचलून निघाल्या. सर जिन्यापर्यंत मागे आले, जवळजवळ रडकुंडीला येऊन. लेन्सकाकांनी मात्र बाईंसाठी दार उघडून धरलं. एवढी सभ्यता त्यांनी यापूर्वी कधी दाखवली नव्हती.

घरी डॉक्टर जेवणाच्या टेबलाशी बसून वाटाणे सोलत होते. अलीकडे घरातलं सोलायचं, निवडायचं, घासायचं सगळं काम ते आपणहून अंगावर घ्यायचे. बाई मैत्रिणींना कौतुकाने सांगायच्या, वय झालं की नवरे सुधारतात म्हणून. काय मूर्ख बाई आहोत आपण, असं आज त्यांना वाटलं.

त्या समोर बसल्या. "वाटाणे खाली ठेवा."

"थोडेच राहिलेत."

"ठेवा म्हणते ना."

डॉक्टरांनी शेंग ठेवली. हात टेबलाखाली जायला लागला.

"वरती. टेबलावर."

"बाई, मी काय पाचवीत आहे?"

"पाचवीतली पोरं बरी होती. कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून?"

"अहो, फळ्याकडे तोंड असताना शेवटच्या बाकावर कोण काय चघळतंय ते मी ओळखायचे. मला गुंडाळू नका. हात कधीपासून हलतो?"

डॉक्टरांनी हात टेबलावर आणला. मग वाटाण्यांकडे बघत म्हणाले, "तुझा कॅमेरा आला त्याच्या थोडं आधीपासून. काम करताना नाही गं हलत. हातात ड्रिल असू दे, चिमटा असू दे, एकदम शहाण्यासारखा वागतो. रिकामा ठेवला की याचं सुरू होतं."

"कोणाला दाखवलात?"

"मीच डॉक्टर आहे."

"दातांचे!"

"नाव माहीत आहे मला त्या दुखण्याचं. पुस्तकात वाचलंय. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं नाही एवढंच."

"आणि मला सांगायचंही नाही? आयुष्य काढलंय तुमच्यासोबत. तुम्ही दवाखान्यातल्या किडक्या दाढांची वर्णनं मला जेवताना सांगता, आणि हे नाही सांगितलंत?" बाईंचा आवाज चढला. राग आला होता त्यांना, खरा, डोकं ठणकेल असा राग. "उद्या लेन्सकाकांची दाढ आहे तुमच्याकडे. त्या माणसाच्या दाढेशी मला काही देणंघेणं नाही. पण आत ड्रिल असताना हा हात हलला तर?"

"नाही हलणार."

"उद्या नाही. पुढच्या महिन्यात?"

"नाही हलणार म्हणतो ना!" डॉक्टरही आता चिडले. गोड माणूस चिडला की फार वाईट दिसतो. "दवाखाना बंद करू आणि काय करू? तुझ्या दुधाच्या थेंबावर छत्री धरत बसू? लोक डॉक्टर म्हणतात म्हणून मी कोणीतरी आहे. उद्यापासून काय म्हणतील? आणि तुझे ते फोटो म्हणजे काय एक्स-रे आहेत का? कॅमेरा हलला असेल!"

हे मात्र अति झालं. दोन वर्षं भिंतीची सिद्धता ऐकवलेल्या घरात हे वाक्य!

"कॅमेरा हलला? कॅमेरा? थांबा, आत्ता दाखवते तुम्हाला." बाईंनी पिशवी ओढली, कॅमेरा काढला. ट्रायपॉडबिट्रायपॉडचं नाव नाही, तसाच डोळ्याला लावला, शटर स्लोवर फिरवलं. "ठेवा हात तिथे. सपाट. हलू नका, डॉक्टर!"

शटर उघडलं. मिटलं. बाईंनी मागच्या पडद्यावर बघितलं आणि कॅमेरा छातीशी धरला.

"बघू," डॉक्टर म्हणाले.

"काही नाही आलं. पुन्हा घेते."

"बघू म्हणतो ना."

त्यांनी हात पुढे केला, उजवाच, आणि कॅमेरा घेतला. कॅमेरा हातात आल्याबरोबर हात थांबला. ते चष्मा वर करून बघत बसले. वाटाण्यांचं भांडं, कप, खिडकी, त्यांचा हात, सगळं एकमेकांत फरपटत गेलेलं. कशालाच कड नव्हती.

"बाई," डॉक्टर हळूच म्हणाले, "यात माझा हात हललाय, कबूल. पण कपपण हललाय."

बाईंनी कॅमेरा परत घ्यायला हात पुढे केला.

"खिडकी हललीय."

"पुरे."

"भिंतसुद्धा हललीय गं."

"भिंती हलत नाहीत," बाई म्हणाल्या. त्यांनी आपले दोन्ही हात बघितले. ते अजून थरथरत होते. "मी घाबरलेय हो," त्या म्हणाल्या. "मी खूप घाबरलेय. दोन वर्षं मी त्या भोकातून तुमच्याकडेच बघतेय, खिशातून हात काढा म्हणून ओरडतेय, आणि मला दिसलं नाही. आणि तुम्ही एकटेच हे खिशात घालून फिरत होतात."

बाईंना रडताना डॉक्टरांनी फार कमी वेळा पाहिलं होतं. वडील गेले तेव्हा, लेक सासरी गेली तेव्हा, आणि सूर्यफुलाला पहिला नंबर मिळाला तेव्हा थोडंसं. त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला. खिशातून रुमाल काढून बाईंसमोर सरकवला. मग डाव्या हाताने फोन उचलला.

"लेन्सकाका ना? डॉक्टर बोलतोय. उद्या येऊ नका. दाढ थांबेल, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरांचं नाव देतो... नाही, नाही, बाईंचा काही संबंध नाही... आजारी? हो. म्हणजे असेन बहुतेक. दाखवायचंय." पलीकडून बराच वेळ काही चाललं होतं. "काय? फोटोतला हात? नाही हो, कॉम्प्युटरवर नाही केलेला. तो माझाच."

फोन ठेवून ते लगेच दुसरा नंबर शोधायला लागले. मेंदूच्या डॉक्टरांचा. एकेकाळचा वर्गमित्र. तो नंबर त्यांच्याकडे होता, म्हणजे विचार कधीचाच चालू असणार.

"दोघं जाऊ," बाई नाक पुसत म्हणाल्या. "त्याने काही लपवलं तर मी आहे."

"त्याची भीती मला नाही. तुझी त्यालाच वाटेल." मग डॉक्टरांनी मान वर केली. "स्पर्धेचं काय केलंस? तो आरसेवाला दिलास ना?"

"काहीच नाही दिलं. मागे घेतलं."

"अगं! मग पहिला नंबर?"

"गोगलगायीला."

डॉक्टर हसले. या वेळी हसू वेळेवर आलं. पलीकडे फोनची घंटा वाजत होती आणि कोणी उचलत नव्हतं, तरी ते कानाशी धरून बसले. उजवा हात टेबलावर सालींच्या ढिगाशेजारी होता आणि हलत होता. त्याचा धक्का लागून एक वाटाणा घरंगळत कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. डॉक्टरांनी तिकडे पाहिलं, पण हात उचलला नाही, खिशातही घातला नाही.

बाईंनी तो धरायला आपला हात पुढे केला, आणि मग राहू दिला. त्याला हलायचं असेल तर हलू दे, निदान घरात तरी. त्यांनी भांडं आपल्याकडे ओढलं आणि उरलेले वाटाणे सोलायला घेतले.